तुकडा म्हणजे देश: नकाशाच्या पझलमधून मुलांना जगाचा भूगोल कसा शिकवावा

बाजारात मिळणारं जगाच्या नकाशाचं शंभर तुकड्यांचं पझल उघडा आणि त्यातला एक तुकडा हातात घ्या. त्यावर अर्धा सुदान, थोडासा चाड आणि एखाद्या उंटाचे पुढचे दोन पाय असतील. मूल हा तुकडा बरोबर जागी बसवतं, पण ते उंटाचे मागचे पाय कुठे आहेत ते बघून. सुदान कुठे संपतो आणि चाड कुठे सुरू होतो, याकडे त्याला बघावंच लागत नाही. पझल पुरं होतं, घरात टाळ्या वाजतात आणि भूगोल होता तिथेच राहतो.

भूगोल शिकवणाऱ्या पझलची खूण एकच: कापलेली रेघ देशाच्या सीमेवरून गेलेली असली पाहिजे. एक तुकडा म्हणजे एक देश. असं असलं की ब्राझील उचलताना ब्राझीलच हातात येतो, त्याच्या कडा बोटांना कळतात आणि तो बसवायचा तर शेजारी कोण हे बघण्यावाचून गत्यंतर नसतं. पझल जन्माला आलं तेही असंच. लंडनमध्ये नकाशे कोरण्याचं काम करणाऱ्या जॉन स्पिल्सबरीने १७६० च्या दशकात नकाशे लाकडी फळीवर चिकटवून सीमांवरून कापले आणि मुलांना भूगोल शिकवायचं साधन म्हणून विकले. माँटेसरी शाळांतले, प्रत्येक तुकड्याला धरायला छोटी मूठ असलेले लाकडी नकाशे त्याच घराण्यातले.

पुढची पद्धत साधारण ४ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. घरी एक-दोन मुलांबरोबर ती जशीच्या तशी वापरता येते. वर्गात वापरायची तर थोडे बदल लागतात, ते पुढे दिले आहेत.

विकत घेताना काय तपासायचं

कापणी सीमेवरून आहे ना, हे पहिलं. दुसरं, नकाशा किती जुना आहे. आफ्रिकेत सुदान एकच तुकडा असेल तर नकाशा २०११ च्या आधीचा आहे. त्या वर्षी दक्षिण सुदान वेगळा देश झाला. 'स्वाझीलंड' लिहिलं असेल तर २०१८ च्या आधीचा, कारण आता त्या देशाचं नाव एस्वातिनी आहे. 'उत्तर' न लावता नुसतं 'मॅसिडोनिया' असेल तर २०१९ च्या आधीचा. जुनं पझल टाकून द्यायची गरज नाही. सुदानच्या तुकड्यावर सीमेची रेघ आखून कटरने दोन करता येतात, नावांवर पट्टी चिकटवता येते. मूल मोठं असेल तर हे काम त्यालाच करू द्या. देश बदलतात हे त्याला त्या एका कापाने कळतं.

तिसरी गोष्ट भारताची बाह्यरेषा. परदेशी बनावटीच्या पझलमध्ये आणि परदेशी संकेतस्थळांवरून उतरवलेल्या कोऱ्या नकाशांत जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा बहुतेकदा तुटक रेषेने किंवा कापून दाखवलेली असते. सर्व्हे ऑफ इंडिया या नकाशे काढणाऱ्या सरकारी संस्थेच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१ च्या फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियमाखाली गुन्हा आहे. शाळेसाठी किंवा विकण्यासाठी पझल बनवत असाल तर बाह्यरेषा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरूनच घ्या आणि चीन, पाकिस्तान, अफगाणिस्तान यांच्या तुकड्यांच्या कडा तिच्याशी जुळवा. नुसता भारत बदलून शेजारी तसेच ठेवले तर तुकडे एकमेकांवर चढतात.

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर साधारण ३ सेंटिमीटरपेक्षा लहान तुकडे त्याच्या हाती लागू देऊ नका. ते सरळ तोंडात जातात.

पझलच्या आधी पृथ्वीचा गोल

सपाट नकाशा हा गोल पृथ्वीचा दाबून पसरलेला नकाशा आहे, हे आधी कळलं नाही तर पझल नीट शिकूनही मूल काही गोष्टी चुकीच्या शिकतं. त्यासाठी एक मोठं संत्रं घ्या. त्यावर मार्करने खंडांचे ढोबळ आकार काढा, साल शक्य तितकी सलग सोला आणि ती टेबलावर सपाट दाबा. ती फाटते. न फाटता सपाट करायची तर काही भाग ताणायला लागेल, आणि नकाशा बनवणारे नेमकं तेच करतात, एवढंच सांगा.

मग गोलावर ग्रीनलंड दाखवा. मर्केटरच्या पद्धतीच्या नकाशात (ती १५६९ ची, जहाजांच्या दिशा बरोबर याव्यात म्हणून केलेली) ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात ते सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या ३२.९ लाखांच्या भारतापेक्षाही लहान. आफ्रिका त्याच्या जवळपास चौदापट आहे. दुसरी गोष्ट अलास्काची. सपाट नकाशावर रशिया एका टोकाला आणि अलास्का दुसऱ्या टोकाला. जगाचा कागदी नकाशा नळीसारखा गुंडाळून दोन कडा जुळवल्या की दोघं समोरासमोर येतात, मध्ये जेमतेम ८५ किलोमीटरची बेरिंगची सामुद्रधुनी उरते. हे एकदा हातांनी केलेलं मूल पुढे नकाशाच्या कडेला जगाची कड समजत नाही.

४-५ वर्षांच्या मुलाला यानंतर फक्त सात खंडांचं पझल द्या. माँटेसरीतले रंग वापरले तर पुढे सोयीचं जातं: आशिया पिवळा, आफ्रिका हिरवा, युरोप लाल, उत्तर अमेरिका नारिंगी, दक्षिण अमेरिका गुलाबी, ऑस्ट्रेलिया तपकिरी, अंटार्क्टिका पांढरा. देशांच्या तुकड्यांच्या पाठीवर त्या त्या खंडाच्या रंगाचा ठिपका दिला की सगळी पझलं एकत्र सांडली तरी दहा मिनिटांत निवडून होतात. अंटार्क्टिका जगाच्या नकाशावर तळाशी लांबट पट्टीसारखी दिसते, ती तशी मनात बसू देऊ नका. तिचा वेगळा, दक्षिण ध्रुव मध्यभागी असलेला गोलसर तुकडा करा. भारताची मैत्री आणि भारती ही संशोधन केंद्रं तिथे आहेत आणि त्यांचं काम पाहणारी राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था गोव्यात वास्कोला आहे. गोव्यातल्या मुलांसाठी हा दुवा अगदी घरचा.

सुरुवात दक्षिण अमेरिकेपासून

'जवळून दूर जावं' या नियमाने अनेकजण आशियापासून सुरू करतात. भारताच्या राज्यांसाठी तो नियम योग्य आहे. देशांच्या पझलसाठी आशिया ही सर्वांत अवघड सुरुवात: पन्नासच्या आसपास तुकडे, त्यात एकीकडे चीन आणि दुसरीकडे बहारीन, वर इंडोनेशियाची सतरा हजारांहून जास्त बेटं. मूल आठवडाभर झगडतं आणि सोडून देतं.

दक्षिण अमेरिका मात्र पहिल्या खंडासाठीच घडवल्यासारखी आहे. १२ देश आणि फ्रेंच गयाना मिळून १३ तुकडे. मधोमध भलामोठा ब्राझील, आणि तो चिली व इक्वेडोर सोडून खंडातल्या प्रत्येकाला टेकतो. म्हणजे ब्राझील बसला की उरलेल्यांपैकी दहा तुकड्यांना टेकायला जागा मिळते. समुद्र नसलेले देश दोनच, बोलिव्हिया आणि पराग्वे. महाराष्ट्र राज्य मंडळाचं २०१८ साली आलेलं दहावीचं भूगोलाचं पुस्तक तर भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवरच बेतलेलं आहे. पाचव्या-सहाव्या वर्षी ज्याने ब्राझील हातात धरला आहे, त्याला ते पुस्तक परकं वाटत नाही.

घरी पझल बनवणं

साहित्य असं: दक्षिण अमेरिकेच्या कोऱ्या राजकीय नकाशाचे ए-३ आकाराचे तीन प्रिंट, बाइंडिंगवाल्याकडे मिळतो तो २ मिलिमीटर जाड राखाडी पुठ्ठा, ए-३ पेक्षा थोडे मोठे दोन तुकडे, फेविकॉल, रुंद ब्रश, कटर आणि नव्या पात्या, स्टीलची पट्टी, बारीक पॉलिश पेपर, खाली घ्यायला प्लायवूडचा जुना तुकडा.

प्रिंट लेझर किंवा झेरॉक्सचेच घ्या. इंकजेटची शाई फेविकॉलमधल्या पाण्याने पसरते आणि सीमा धूसर होतात. तिन्ही प्रिंट एकाच वेळी, एकाच सेटिंगवर काढा. एक 'फिट टू पेज'वर आणि दुसरा १०० टक्क्यांवर निघाला तर तुकडे खालच्या आराखड्यावर कधीच बसणार नाहीत, आणि ही चूक सगळं कापून झाल्यावरच लक्षात येते.

रंगवणं चिकटवण्याआधी, आणि ते मुलानेच करायचं. नियम एवढाच सांगा: ज्यांची सीमा एक आहे त्यांचा रंग एक नको, आणि रंग शक्य तितके कमी वापरायचे. मूल तीन रंगांत भागवायला जातं आणि पराग्वेपाशी अडतं. पराग्वेच्या तीन बाजूंना ब्राझील, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना. हे तिघंही एकमेकांना टेकलेले. तिघांना तीन रंग दिले की पराग्वेला चौथा हवाच. मग सांगा, की सपाट कागदावर काढलेला, प्रत्येक देश सलग असलेला कुठलाही नकाशा चार रंगांत रंगवता येतो, आणि हे गणिताने १९७६ साली, संगणकाच्या मदतीने सिद्ध झालं आहे. रंगाचा डबा घेऊन घातलेला हा अर्धा तास शेजारसंबंध जितके पक्के करतो तितके पाठांतराचा आठवडाही करत नाही.

आता चिकटवणं. एक प्रिंट पहिल्या पुठ्ठ्यावर लावा, हा तळ. रंगवलेला प्रिंट दुसऱ्या पुठ्ठ्यावर लावा, हा कापायचा. फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून पातळ, सारखा थर द्या आणि मधून कडांकडे कोरड्या फडक्याने दाबत जा. दोन्ही पुठ्ठ्यांच्या मागच्या बाजूलाही कोरा कागद चिकटवा. हे टाळलं की पुठ्ठा हमखास वाकतो. ओला झालेला कागद फुगतो आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. दोन्ही बाजूंनी ओढ सारखी असेल तरच तो सपाट राहतो. मग वर्तमानपत्रात ठेवून, वर जड पुस्तकांची चळत देऊन रात्रभर वाळू द्या.

कापणं मोठ्या माणसाचं काम. आधी खंडाची बाहेरची किनाररेषा कापून पूर्ण खंड एकसंध बाहेर काढा. उरलेला समुद्राचा भाग फेकू नका: तो तळावर चिकटवा, म्हणजे खंडाच्या आकाराचा खोलगट साचा तयार होतो आणि तुकडे घसरत नाहीत. मग खंड देशांत कापा. सामाईक सीमा एकदाच कापायची. कटर एका दमात दाबू नका. तीन-चार हलके वार करा आणि वळणावर कटर न फिरवता पुठ्ठा फिरवा. किनाऱ्याची प्रत्येक नागमोड जपू नका. चिलीच्या दक्षिणेचे फाटे आणि बेटं सरळ एका रेघेत घ्या.

आणि चिलीकडे खास लक्ष द्या, कारण सगळ्यात आधी मोडतो तो चिली. तो देश सुमारे ४,३०० किलोमीटर लांब आणि सरासरी जेमतेम १८० किलोमीटर रुंद. ए-३ वर हा खंड साधारण १ सेंटिमीटरला १९० किलोमीटर या प्रमाणात बसतो, म्हणजे चिलीचा तुकडा होतो बावीस सेंटिमीटरहून लांब आणि सरासरी एक सेंटिमीटरपेक्षाही कमी रुंद. मूल तो वरच्या टोकाला धरून उचलतं आणि तो मधोमध मुडपतो. दोन उपाय आहेत. किनाररेषा कापतानाच पश्चिमेकडचा समुद्र सेंटिमीटरभर त्याला जोडून ठेवायचा आणि निळा रंगवायचा. किंवा तेवढा एक तुकडा ३ मिलिमीटरच्या एमडीएफमधून (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) लेझर-कटिंगवाल्याकडून कापून आणायचा. पहिला उपाय स्वस्त आहे आणि बरा आहे. मोडू न दिलेला हा चिंचोळा तुकडा हातात धरून मूल अँडीज पर्वत आणि महासागर यांच्या मधली ती चिंचोळी जागा समजून घेतं.

सगळे तुकडे कापून झाले की कडांवरून पॉलिश पेपरचा एकच हलका हात फिरवा. तुकडे घट्ट बसले तर मुलं ते दाबून बसवतात आणि वरचा कागद सुटतो. प्रत्येकाच्या पाठीवर देशाचं नाव मराठीत, राजधानी आणि खंडाच्या रंगाचा ठिपका. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी पाठीवरचं हे देवनागरी नाव दुहेरी कामाचं आहे: पुढे इंग्रजी, उलटलं की मराठी.

पहिले तीन आठवडे

एका बैठकीला १५-२० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. याहून जास्त नको. नकाशा जमिनीवर, उत्तर दिशा खरोखरच्या उत्तरेकडे करून ठेवा (सकाळी सूर्याकडे तोंड केलं की डावा हात उत्तरेला, हेही त्यातच होऊन जातं). सगळी मुलं दक्षिणेच्या बाजूला बसतील असं पाहा. चारजण चार बाजूंनी बसले की समोरच्याला नकाशा उलटा दिसतो आणि तो अर्जेंटिना वर आहे असं शिकून उठतो.

एका वेळी तीनच तुकडे. आधी तुम्ही नाव सांगता: "हा ब्राझील, हा पेरू, हा अर्जेंटिना." मग मागता: "पेरू दे." शेवटी विचारता: "हा कुठला?" तिसऱ्या पायरीवर अडलं तर उत्तर सांगू नका, दुसऱ्या पायरीवर परत या. ओळखणं आधी येतं, आठवणं मागाहून. पेरू हे फळाचंही नाव म्हणून मुलं हसतात. हसू द्या, तो देश कुणी विसरत नाही. फ्रेंच गयानापाशी एक वाक्य जास्त खर्च करा: हा देश नाही, फ्रान्सचाच भाग आहे, आणि भारताचा 'ॲपल' हा दळणवळण उपग्रह १९८१ साली इथल्या कुरूहून उडाला.

पहिला आठवडा तळावर सीमा दिसत असताना. दुसऱ्या आठवड्यात साच्याच्या आकाराचा कोरा कागद कापून तळाशी ठेवा. सीमा झाकल्या जातात, किनारा राहतो. तिसऱ्यात साचाही नको, नुसत्या चादरीवर जुळवायचं, जिथे आधाराला फक्त शेजारी. हीच खरी परीक्षा. सीमा छापलेल्या तळावर मूल आकाराशी आकार जुळवतं, आणि त्यासाठी भूगोल लागत नाही. वर्षभर त्याच पायरीवर राहिलेली मुलं पझल मिनिटभरात लावतात, पण "बोलिव्हियाच्या खाली कोण?" विचारलं की गप्प होतात.

म्हणून तुकडा बसला की एक प्रश्न विचारायचाच: याचे शेजारी कोण? याला समुद्र आहे का? विषुववृत्त यातून जातं का? (इक्वेडोर, कोलंबिया, ब्राझील. इक्वेडोर या नावाचाच स्पॅनिश अर्थ विषुववृत्त.) घड्याळ लावून शर्यत मात्र नको. वेग मोजला की मूल रंग आणि आकार पाठ करतं आणि प्रश्नांना कंटाळतं. रंगाचीच सवय लागली आहे असा संशय आला तर तुकडे कापडी पिशवीत टाका आणि हात घालून, न बघता ओळखायला सांगा. चिली लगेच सापडतो, ब्राझील सापडतो. उरुग्वे आणि सुरिनाम यांत गल्लत होते, कारण क्षेत्रफळाने ते जवळपास सारखे आहेत.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी उपासाची खिचडी नकाशावर मांडा. चिमूटभर साबुदाणा, चार शेंगदाणे, बटाट्याची फोड, एक हिरवी मिरची. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून बनतो तो ब्राझीलकडचा, बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या अँडीजमधला, शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. मिरची मेक्सिकोकडची, म्हणून ती या नकाशाच्या वर, बाहेर ठेवायची. तिथे पुढचा खंड आहे. मग काजू ब्राझीलवर ठेवा आणि पोर्तुगीजांनी तो गोव्याला आणला हे सांगा. ज्याला आपण आपलं अन्न म्हणतो ते कुठल्या तुकड्यावरून आलं हे एकदा बघितलं की त्या आकारांना चव येते.

'मापाचा भारत'

पझलमधली सगळ्यात मोठी चूक सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. युरोपचं पझल आणि आशियाचं पझल एकाच आकाराच्या खोक्यात येतात. मग चीनच्या तुलनेत फ्रान्सचा तुकडा खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा होतो आणि मूल तेच खरं धरतं. उपाय सोपा: प्रत्येक खंडाच्या पझलबरोबर त्याच प्रमाणात कापलेला भारताचा एक तुकडा ठेवा.

भारत उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २,९३३ किलोमीटर. वरच्या दक्षिण अमेरिकेच्या प्रमाणात तो सुमारे १७ सेंटिमीटर उंच आणि १५.५ सेंटिमीटर रुंद होतो. तो ब्राझीलवर ठेवून बघा: ८५ लाख चौरस किलोमीटरच्या ब्राझीलमध्ये भारत क्षेत्रफळाने अडीच वेळा मावतो. चिलीशेजारी उभा केला तर चिली जास्त लांब. युरोपच्या पझलसाठी महाराष्ट्राचाही तुकडा कापा. महाराष्ट्र ३.०८ लाख चौरस किलोमीटरचा, इटली ३.०१ लाखांचा, पोलंड ३.१२ लाखांचा. वर्तमानपत्रात 'इटली' वाचताना मुलाच्या मनात काहीतरी मोजता येण्याजोगं असतं.

आफ्रिका: पाच फेऱ्यांत

आफ्रिकेत ५४ देश. त्यातले ४८ मुख्य भूमीवर, ६ बेटांवर. सगळे एकदम ओतले तर मूल घाबरतं. नकाशा ए-२ आकाराचा घ्या. ए-३ वर रवांडा आणि लेसोथो एकेक सेंटिमीटरचे होतात आणि गांबिया जेमतेम दोन मिलिमीटरची पट्टी. ए-२ वरही हे तीन तुकडे वेगळे कापू नका. गांबिया सेनेगलच्या आणि लेसोथो दक्षिण आफ्रिकेच्या तुकड्यावर वेगळ्या रंगाने रंगवा, रवांडा-बुरुंडी मिळून एक तुकडा करा.

पहिली फेरी भूमध्य समुद्राच्या बाजूचे पाच: मोरोक्को, अल्जिरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त. दुसरी फेरी थेट खालच्या टोकाला, दक्षिण आफ्रिकेपासून मोझांबिकपर्यंतचे सात, सोबत मादागास्कर. दोन्ही टोकं पक्की झाली की मधल्या तुकड्यांना आधार मिळतो. तिसरी फेरी पूर्वेची, सुदानपासून टांझानियापर्यंत अकरा. पाचवी, सर्वांत शेवटची फेरी मधल्या दहांची, चाडपासून मलावीपर्यंत.

चौथी फेरी पश्चिमेची, आणि सगळी गडबड इथेच होते. पंधरा देश, त्यातले बरेच समुद्राकडून आत गेलेल्या उभ्या पट्ट्यांसारखे. इथे आकारावर भरवसा ठेवू नका, क्रम पाठच करून घ्या. आयव्हरी कोस्ट, घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया या ओळीसाठी 'आ-घा-टो-बे-ना' असं तालात म्हणायला लावा, बोट किनाऱ्यावरून पूर्वेकडे नेत. नावांचाही घोळ आहे: गिनी, गिनी-बिसाऊ आणि खाली मध्य आफ्रिकेत इक्वेटोरियल गिनी, शिवाय दोन काँगो. सारख्या नावांचे तुकडे एका दिवशी कधीच शिकवू नका. एक पक्का झाल्यावर निदान आठवड्याने दुसरा.

इजिप्तची नैर्ऋत्येकडची सीमा पट्टीने आखल्यासारखी का, हा प्रश्न मूल विचारतंच. पश्चिमेकडची रेघ २५ अंश पूर्व रेखावृत्ताजवळून आणि दक्षिणेकडची २२ अंश उत्तर अक्षवृत्तावरून जाते. नदी किंवा डोंगर बघून नव्हे, युरोपीय सत्तांनी नकाशावर रेघ मारून ठरवलेल्या अशा सीमा आफ्रिकेत पुष्कळ आहेत. त्या वाटणीचे नियम बर्लिनच्या १८८४-८५ च्या परिषदेत ठरले. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे समजतं आणि अन्यायही समजतो.

मादागास्कर सोडून बाकी बेटांचे तुकडे करू नका, तळावर ठिपके द्या. मॉरिशसच्या ठिपक्याला मात्र टाचणी लावा: त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारा मराठी भाषक समाज आहे.

उरलेले खंड

आफ्रिकेनंतर आशिया. भारताच्या जमिनीवरच्या सात शेजाऱ्यांपासून सुरुवात करा, मग मध्य आशियातले पाच '-स्तान', मग आग्नेय आशिया, शेवटी पश्चिम आशिया. रशिया तळावरच छापलेला असू द्या, त्याचा तुकडा इतका मोठा होतो की बाकी सगळं ढकलून देतो. उत्तर अमेरिकेत तीन मोठे देश एका दिवसात होतात. मध्य अमेरिकेतले सात देश ग्वाटेमालापासून पनामापर्यंत साखळीसारखे लावायचे. युरोप सर्वांत शेवटी. तुकडे बारीक आणि सीमा वाकड्यातिकड्या, पण तोवर मुलाची नजर तयार झालेली असते. बूट आणि बुटापुढचा दगड म्हणजे इटली आणि सिसिली, तिथून बाहेरच्या दिशेने जायचं.

वर्गात, तीस मुलांसोबत

एक पझल आणि तीस मुलं हे गणित जमत नाही. पाचजण खेळतात आणि पंचवीस बघतात. पाच-पाच मुलांचे सहा गट करा आणि प्रत्येकाला एक खंड द्या, अंटार्क्टिका सोडून. आठवड्याने खंड गटांत फिरवा. व्हरांड्यात किंवा अंगणात खडूने तीनेक मीटर उंचीचा खंड आखून घेतला तर मुलंच तुकडे होतात: प्रत्येकाच्या हातात देशाच्या नावाची पाटी, आणि शिक्षक म्हणाले "ब्राझीलचे शेजारी हात धरा" की दहाजणांनी येऊन ब्राझीलला धरायचं. पेरू आणि कोलंबिया एकमेकांना धरतात की नाही, यावर मुलं आपापसात वाद घालतात. तो मिटवायला नकाशाकडे त्यांनाच पाठवा.

मोबाइलवरचे 'सेटेरा'सारखे नकाशाचे खेळ उजळणीसाठी चांगले, दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी. पहिली ओळख त्यावर नको. नकाशा बोटांनी लहानमोठा करता येतो, म्हणून देशाचं माप मनात राहत नाही.

पावसाळा आणि हरवलेले तुकडे

कोकणात आणि मुंबईत जून-जुलैमध्ये पुठ्ठा ओलावा धरतो, एमडीएफ कडांना फुगतं. एमडीएफच्या कडांना कापल्याबरोबर वॉर्निशचा एक हात द्या. पुठ्ठ्याचं पझल प्रत्येक खंडासाठी वेगळ्या झिप-पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी टाकून आडवं ठेवा. उभं ठेवलं तर साचा वाकतो. पिशवीवर तुकड्यांची संख्या मोठ्या आकड्यात लिहा आणि मोजून आत टाकणं हा खेळाचाच भाग करा. दक्षिण अमेरिका १३. बारा भरले तर आधी सोफ्याखाली, आणि तिथेही नसेल तर तिसरा प्रिंट आहे: त्यातून तो देश कापा, त्याच पुठ्ठ्याच्या उरलेल्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी कागद लावून चिकटवा, आणि रंग कुठला द्यायचा ते शेजाऱ्यांचे रंग बघून मुलाला ठरवू द्या.